ग्राफिक्स ड्रायव्हर सारखा पडत होता, कारण निघालं रॅमचा स्पीड: स्टुडिओच्या पीसीच्या नोंदी

आधी मशीन सांगतो म्हणजे ज्यांच्याकडे असंच काही आहे त्यांना लगेच कळेल. रायझन ७ ५७००एक्स, बी५५० बोर्ड, आरटीएक्स ३०६० १२ जीबी, ६५० वॉटचा पॉवर सप्लाय, विंडोज १०. रॅम डीडीआर४ ३६०० सीएल१८, आधी १६-१६ जीबीच्या दोन स्टिक होत्या, मार्चमध्ये त्याच मॉडेल नंबरच्या अजून दोन घातल्या, म्हणजे आता चारही स्लॉट भरलेले आणि एकूण ६४ जीबी. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम बॉक्सवरच्या जास्त स्पीडला चालवायचं सेटिंग, पहिल्या दिवसापासून चालू. पीसी माझ्या चुलत भावाच्या फोटो स्टुडिओत आहे, अकोल्यात, लग्नांचे व्हिडिओ आणि अल्बम सगळे याच्यावरच निघतात, एडिटिंग दाविंची रिझॉल्व्हमध्ये.

१२ एप्रिल २०२५, शनिवार

दादाचा सकाळीच फोन, "तू आज ये बा इकडे, स्क्रीन काळी होते, दोन सेकंदांत परत येते अन् रिझॉल्व्ह बंद पडते, लोकायचे फोन सुरू झालेत व्हिडिओसाठी." मी पोचलो संध्याकाळी, तेव्हा पीसी व्यवस्थित चालू, काही म्हणजे काही होईना. मग विंडोजच्या एररच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. सिस्टम लॉगमध्ये इव्हेंट ४१०१ ची रांगच लागलेली, डिस्प्ले ड्रायव्हर एनव्हीएलडीडीएमकेएम ने प्रतिसाद देणं थांबवलं होतं आणि तो परत सुरू झाला असा मजकूर. ग्राफिक्स कार्डने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर रिसेट करतं, त्याला टीडीआर म्हणतात, स्क्रीन काळी होऊन परत येते ती त्यामुळेच.

सगळ्या एररच्या वेळा वहीत उतरवून घेतल्या. सगळ्यात जुनी ३ एप्रिलची, आणि जवळपास सगळ्या दुपारी १ ते ५ मधल्या. दादा म्हणाला रेंडर दुपारीच लावतो, तेव्हाच होणार ना. ते पटण्यासारखं होतं म्हणून तो विषय तिथेच राहिला, पण वेळा उतरवून घेतल्या ते पुढे फार कामाला आलं, तुम्हीही घ्या.

१३ एप्रिल, रविवार

ड्रायव्हर क्रॅश म्हटलं की सगळे जे करतात ते केलं. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर काढायच्या टूलने जुना ड्रायव्हर मुळापासून काढला, नेट बंद ठेवलं म्हणजे विंडोज मधेच स्वतःचा ड्रायव्हर टाकणार नाही, मग नवीन स्टुडिओ ड्रायव्हर टाकला. संध्याकाळी तासभर रेंडर चाललं, काही नाही झालं. दादा खूश होऊन जेवायला गेला.

याच दिवशी रजिस्ट्रीत टीडीआर डिले २ वरून १० सेकंद केला. हा उपाय सगळीकडे सांगितलेला सापडतो. आमच्या बाबतीत त्याने एवढंच झालं की आधी स्क्रीन दोन सेकंद काळी व्हायची ती आता दहा सेकंद गोठायला लागली. कार्डला खरंच जास्त वेळ लागणारं काम असेल तर हा उपाय ठीक आहे, पण कार्ड अडकूनच बसलं असेल तर कितीही थांबा ते उत्तर देत नाही. परत २ वर आणून ठेवला.

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीमुळे बाजार बंद, स्टुडिओही दादा आणि त्याची पोरं मिरवणुकीच्या शूटिंगला गेल्यामुळे रिकामा, त्यामुळे दिवसभर मशीन माझ्याच ताब्यात. दुपारी दोनच्या आसपास परत तेच, आणि यावेळी परत न येता सरळ निळी स्क्रीन, व्हिडिओ टीडीआर फेल्युअर, कोड ०एक्स११६.

मग म्हटलं नव्या ड्रायव्हरचाच घोळ असेल, जुनं व्हर्जन टाकू, जे डिसेंबरमध्ये नीट चालत होतं. इथे पहिल्यांदा वेगळं काहीतरी दिसलं. ड्रायव्हरची फाईल डाउनलोड केली, उघडली, तर आतल्या फाईली सुटतानाच सीआरसी एरर, म्हणजे आतला डेटा मूळ डेटाशी जुळत नाही. परत डाउनलोड केली, परत एरर, पण यावेळी दुसऱ्याच फाईलवर. दादाकडचं नेट खराब असेल म्हणून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड केली, तीही तशीच. रात्री नऊनंतर त्याच आधीच्या फाईलवर डबल क्लिक केलं आणि एकही एरर न येता ड्रायव्हर बसला!

फाईल तीच आणि दुपारी फाटकी, रात्री धड. हे वहीत लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

१५ एप्रिल, मंगळवार

दादाला धीर नव्हता, त्याचंही बरोबर आहे, लोकांच्या तारखा दिलेल्या. कार्ड काढून दुकानात नेलं. तिथल्या टेक्निशियनने त्याच्या मशीनवर लावलं, थोडा वेळ चालवलं आणि म्हणाला, "भाऊ, कार्डाची मेमरी गेली असंन, असं काळं होणं म्हणजे तेच असते." चेकिंगचे ५०० रुपये. त्याच्या मशीनवर मात्र कार्ड एकदाही पडलं नव्हतं, हे मी त्याच्याशेजारी उभं राहून बघितलेलं.

नवीन कार्ड म्हणजे पंचवीस हजाराच्या पुढे. घ्यायच्या आधी एका मित्राचं जीटीएक्स १६५० दोन दिवसांसाठी मागून आणलं. ते आमच्या पीसीत लावलं, डीडीयू, ड्रायव्हर, सगळं नव्याने. दुपारी साडेतीनला ४१०१. दुसरं कार्ड, स्वतंत्र पॉवर केबलही न लागणारं कार्ड, आणि एरर तीच. तिथे कार्ड सुटलं संशयातून आणि पॉवर सप्लायही बराचसा सुटला. दादाच्या खिशातले पंचवीस हजार वाचले ते या एका मागून आणलेल्या कार्डामुळे, त्यामुळे कोणी "कार्ड गेलं" म्हटलं की आधी दुसरं कार्ड लावून बघा, जुनं-पानं कसलंही चालेल.

१६ एप्रिल, बुधवार

आज निळ्या स्क्रीनच जास्त आल्या. मेमरी मॅनेजमेंट, मग आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, मग पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. विंडोज फोल्डरमधल्या मिनीडंपच्या, म्हणजे क्रॅशच्या वेळी विंडोज लिहून ठेवतं त्या, सगळ्या फाईली ब्लूस्क्रीनव्ह्यूमध्ये उघडल्या. एकात ग्राफिक्स ड्रायव्हरचं नाव, एकात नेटवर्क कार्डच्या ड्रायव्हरचं, एकात एनटीएफएसचं, एकात थेट विंडोजच्या कर्नलचं.

एकच ड्रायव्हर खराब असता तर दरवेळी नाव त्याचंच आलं असतं. दरवेळी नाव बदलतंय म्हणजे या सगळ्यांच्या खाली जे आहे, जे सगळेच वापरतात, ते खराब आहे, आणि ते म्हणजे रॅम. डंपमध्ये ज्या ड्रायव्हरचं नाव येतं तो फक्त खराब झालेला डेटा उचलायला पहिला आलेला असतो, डेटा त्याने बिघडवलेला नसतो. ग्राफिक्स ड्रायव्हर पहिला पडतो कारण रेंडर चालू असताना कार्डला द्यायच्या कमांड तो सतत रॅममधून पाठवत असतो, त्यातला एक बिट उलटला की कार्ड अडकतं आणि दोन सेकंदांनी विंडोज त्याला रिसेट करतं. तोच बिट फोटोच्या एखाद्या पिक्सेलमध्ये उलटला असता तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

दोन-तीन जणांनी मला सांगितलेलं की रॅमचा घोळ असता तर लॉगमध्ये डब्ल्यूएचईए च्या, म्हणजे हार्डवेअरच्या, एरर दिसल्या असत्या. लॉग बघितला, तिथे काहीच नाही. पण साध्या डीडीआर४ रॅमला ईसीसी, म्हणजे चूक पकडायची सोय, नसते, बिट उलटला तरी तो उलटला हे कोणाला कळायची सोयच नाही, त्यामुळे लॉग स्वच्छ दिसतो. तो स्वच्छ आहे म्हणून रॅम धड आहे असं धरू नका.

१७ एप्रिल, गुरुवार

रात्री पेनड्राईव्हवरून मेमटेस्ट८६ लावला आणि घरी गेलो. फुकटच्या व्हर्जनमध्ये चार फेऱ्या असतात, ६४ जीबीला अख्खी रात्र आणि वर सकाळ लागते. सकाळी येऊन बघतो तर हिरव्या अक्षरात पास, एरर शून्य.

इथे सगळा अंदाज कोसळल्यासारखा वाटला. दादा म्हणाला, "पाय, रॅम तर चांगली निघाली, मंग आता विंडोज मारू काय नवीन?" मी म्हटलं अजून एक दिवस दे, कारण ती सीआरसी एरर दुसऱ्या कशाने समजावून सांगता येईना.

१८ एप्रिल, शुक्रवार

हॅशची चाचणी. ज्यांना काही विकत न घेता, काही इन्स्टॉल न करता तपासायचंय त्यांनी हीच करावी. एका जुन्या लग्नाच्या फुटेजचं ४० जीबीच्या आसपासचं फोल्डर घेतलं, एका ड्राईव्हवरून दुसऱ्यावर कॉपी केलं, आणि विंडोजमध्ये आधीपासूनच असलेल्या सर्टयुटिल कमांडने दोन्हीकडच्या फाईलींचे शा-२५६ हॅश काढले, म्हणजे फाईलचा ठसा, एक बिट बदलला तरी तो बदलतो. दुपारी केलं. दोन क्लिपचे हॅश जुळेनात. आकार एकसारखा, तारीख एकसारखी, प्लेअरमध्ये लावल्या तर दोन्ही चालतात, आणि हॅश मात्र पहिल्या अक्षरापासून वेगळा.

बायोसमध्ये गेलो, एक्सएमपी बंद केलं. बोर्डने रॅम २६६६ वर आणली. बाकी कशालाही हात लावला नाही, ड्रायव्हर तोच, विंडोज तेच. परत तीच कॉपी, त्याच उन्हात, सगळे हॅश जुळले. सोमवारी जो ड्रायव्हर सुटत नव्हता तो भर दुपारी सुटला. आरटीएक्स ३०६० परत लावलं, रेंडर लावलं, संध्याकाळपर्यंत एकदाही स्क्रीन गेली नाही.

दादाला तेवढ्यात सांगून टाकलं की काम याच्यावर सुरू कर, मी बाकीचं रात्री आणि सुट्टीच्या दिवशी बघतो, आणि महत्त्वाचं म्हणजे मी सांगेपर्यंत कॅमेऱ्याचं एकही मेमरी कार्ड फॉरमॅट करू नको.

२० एप्रिल, रविवार

मग मेमटेस्ट पास कसा झाला? आज उत्तर मिळालं. रॅमच्या या स्टिकवर तापमानाचा सेन्सर आहे, एचडब्ल्यूइन्फोमध्ये दिसतो. रात्री मेमटेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्ड रिकामं बसलेलं असतं, खोलीत कूलर चालू असतो. सकाळी लवकर साधारण तसाच लोड देऊन रॅम बघितली तर ४० च्या आसपास. दुपारी खोलीत ३८ डिग्री, कार्ड पूर्ण लोडवर, त्याची गरम हवा वर जाते आणि बरोबर वर आहेत रॅमच्या चार स्टिक, एकमेकींना चिकटून, मधून हवा जायला जागाच नाही. वर कॅबिनेट टेबलाच्या लाकडी कप्प्यात सरकवलेला, त्याच्या बाजूच्या पत्र्याला हात लावला तर हात ठेववत नव्हता. रॅम ५८.

५८ डिग्री म्हणजे रॅम जळायचं तापमान नाही, डीडीआर४ ८५ पर्यंत चालते. पण ते ठरलेल्या साध्या स्पीडला. रॅम गरम झाली की तिच्यातला चार्ज लवकर गळतो, आणि स्पीड वर ढकललेला असेल तर आधीच हातात मोकळीक थोडी असते, ती उन्हाळ्यात संपली. वहीतल्या १ ते ५ च्या वेळा रेंडरमुळे नव्हत्या, उन्हामुळे होत्या. मार्चमध्ये स्टिक चार झाल्या आणि तरी एप्रिलपर्यंत काही झालं नाही याचंही कारण हेच.

एक्सएमपी परत चालू करून विंडोजमध्येच रॅम तपासणारा टेस्टमेम५ लावला, सोबत ग्राफिक्स कार्डावर पूर्ण लोड टाकणारा फरमार्क, म्हणजे कार्ड तापेल. फरमार्कला रॅम फारशी लागत नाही त्यामुळे दोन्ही एकत्र चालतात. पंधरा मिनिटांच्या आत पहिली एरर, मग धडाधड. मेमटेस्ट८६ वाईट आहे असं अजिबात नाही, स्टिक मुळातच खराब असेल तर तो पकडतो, पण पीसी प्रत्यक्ष ज्या उकाड्यात आणि ज्या लोडवर काम करतो तशी चाचणी तो घेत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

चारमधली नेमकी कोणती स्टिक, हे शोधायला बसलो. जुनी जोडी एकटी, ३६०० एक्सएमपी, भर दुपारी, फरमार्कसकट: एरर नाही. नवीन जोडी एकटी, तसंच: एरर नाही. चारही एकत्र: एरर. म्हणजे दुकानात बदलून मागायला जावं तर कुठलीच स्टिक खराब नाही, आणि जोडी-जोडीने सगळ्या पास.

सीपीयू-झेडमध्ये स्टिकची माहिती दाखवणारा एसपीडीचा टॅब उघडून एकेक स्लॉट बघितला. जुन्या दोन्ही ड्युअल रँक, म्हणजे स्टिकवर चिपचे दोन गट, नवीन दोन्ही सिंगल रँक, म्हणजे एकच गट. स्टिकर एक, मॉडेल नंबर अक्षर न अक्षर तोच, किंमत तीच, आणि आतल्या चिप वेगळ्या. मॉडेल नंबर तोच ठेवून चिप बदलणं या धंद्यात सर्रास चालतं, नंतर घेतलेली जोडी आधीच्यासारखीच असेल याची खात्री नसते, म्हणून ६४ लागणार असेल तर पहिल्याच दिवशी एका बॉक्समधून घ्यावी.

आणि मुळात आकडे काय आहेत ते बघा. ५७००एक्सचा अधिकृत रॅम स्पीड ३२००, तोही दोन स्टिकला. चार सिंगल रँक स्टिक घातल्या की २९३३, चार ड्युअल रँक घातल्या की २६६७. बॉक्सवर ३६०० लिहिलंय ते रॅमवाल्याने रॅमबद्दल दिलेलं वचन आहे, प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर चार स्टिक घेऊन तेवढं धावेल असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही. एक्सएमपी हे एका क्लिकवर होतं म्हणून ते साधं सेटिंग वाटतं, पण प्रोसेसरच्या हिशोबाने ते ओव्हरक्लॉकच आहे. आमच्याकडे जे झालं त्याची मुळं इथे आहेत.

२४ आणि २५ एप्रिल

२६६६ वर काम चालूच होतं, पण त्याच्या किती वर जाता येतं ते बघायचं होतं. सगळ्या चाचण्या मुद्दाम दुपारीच घेतल्या, त्यासाठी ऑफिसात दोन दिवस अर्धी सुट्टी टाकली.

३६०० ठेवून रॅमचा व्होल्टेज १.३५ वरून १.४० केला. एरर उलट लवकर आल्या, कारण व्होल्टेज वाढला की स्टिक अजून तापतात, आणि आपला तर त्रासच तापण्याचा. एसओसी व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचा, हाताने १.१ वर पक्का केला, थोडा फरक पडला, टेस्ट जास्त वेळ टिकली पण शेवटी एरर आलीच. ३६०० सोडून दिलं.

३२००, टायमिंग (रॅमला प्रत्येक कामासाठी मिळणारे घड्याळाचे ठोके, पहिला आकडा म्हणजे सीएल) १८-२२-२२-४२ तेच ठेवले, गिअर डाऊन मोड (रॅमला थोडी सवलत देणारं सेटिंग) चालू, एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा स्पीड) १६००. स्पीड खाली आणून टायमिंगचे आकडे तेच ठेवले की रॅमला प्रत्यक्षात वेळ जास्त मिळतो, ३६०० ला सीएल१८ म्हणजे १० नॅनोसेकंद आणि ३२०० ला तेच ११.२५. सकाळी स्वच्छ पास. दुपारी दोन तासांनी एक एरर. एकच. पुष्कळ जण इथे "एक एरर चालते" म्हणतील, गेम खेळायचा पीसी असता तर मीही विचार केला असता, पण इथे लोकांच्या लग्नाचं फुटेज आहे, हळद परत लागत नाही आणि मंगलाष्टकं परत होत नाहीत. एक एरर म्हणजे नापास.

२९३३, तेच टायमिंग, एफसीएलके १४६७, व्होल्टेज १.३५. दुपारभर पास. दुसऱ्या दिवशी दुपारी परत लावला, परत पास.

मधे एक गोष्ट, स्पीड बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना चार स्टिक असल्या की बोर्ड बराच वेळ काळी स्क्रीन ठेवतो, पंखे फिरतात आणि काहीच दिसत नाही. तो रॅमशी जुळवून घेत असतो. लगेच बटण दाबून बंद करू नका, तीन-चार मिनिटं थांबा. तरीही नाहीच आलं तर पॉवरची वायर काढून बोर्डवरच्या क्लिअर सीमॉसच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पाच-दहा सेकंद जोडायच्या, बायोस मूळ सेटिंगवर येतं. एकदा तेही करावं लागलं.

२७ एप्रिल, रविवार

पीसी बरा झाला, पण ३ एप्रिलपासून १८ एप्रिलपर्यंत त्याने जे जे लिहून ठेवलं त्याचं काय, हा प्रश्न राहिला होता, आणि माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. पुष्कळ जण स्पीड कमी करतात, क्रॅश थांबतो आणि विषय संपला म्हणतात. पण खराब रॅममधून गेलेली फाईल डिस्कवर खराबच बसते आणि ती नंतर कोणालाही सांगत नाही.

विंडोजपासून सुरुवात. आधी डिसमची रिस्टोअर हेल्थ कमांड, मग एसएफसी स्कॅननाऊ, दोन्ही विंडोजच्या स्वतःच्या फाईली तपासून दुरुस्त करतात. खराब फाईली सापडल्या आणि दुरुस्त केल्या असा निकाल आला. परत चालवलं, आता सगळं ठीक. ड्रायव्हर मात्र डीडीयूने काढून परत टाकला, कारण तो खराब रॅमच्या दिवसांत बसलेला होता.

मग फुटेज. मी सांगितल्याप्रमाणे दादाने कॅमेऱ्याची मेमरी कार्डं फॉरमॅट केली नव्हती, वहिनींनी प्रत्येक कार्डाला कागदी टेप लावून त्यावर घराण्याचं आडनाव आणि तारीख लिहून डब्यात ठेवलेली. त्या दिवसांत उतरवलेली सगळी लग्नं आणि एक साखरपुडा, एकेक कार्ड रीडरमध्ये घालून कार्डावरचा हॅश आणि पीसीवरचा हॅश आणि बॅकअप डिस्कवरचा हॅश, तिन्ही जुळवत बसलो, मी वाचायचो आणि वहिनी टिक करायच्या. बहुतेक सगळं जुळलं. बॅकअप डिस्कवर सात क्लिप जुळल्या नाहीत आणि पीसीवर दोन. पीसीवरच्या दोनपैकी एक कन्यादानाची. तिच्यात मधेच एका फ्रेममध्ये खालच्या बाजूला हिरवा चौकोन येऊन जातो, एवढाच, डोळ्याची पापणी लवेपर्यंत. वहिनींनी ती क्लिप आधी टाईमलाईनवर घेतलेलीसुद्धा होती आणि ते दिसलं नव्हतं. कार्डावरून परत कॉपी केली, हॅश जुळला, चौकोन गेला.

कार्डं फॉरमॅट झाली असती तर ती क्लिप तशीच त्या मुलीच्या घरी गेली असती. म्हणून ज्यांच्याकडे असा त्रास झालाय त्यांनी क्रॅश सुरू झाल्याची तारीख लॉगमधून काढा आणि त्या तारखेपासूनचं सगळं मूळ जागेवरून परत तपासा.

४ मे, रविवार

अक्षय्य तृतीयेची गर्दी पार पडली. २९ आणि ३० एप्रिलला पीसी सकाळपासून रात्रीपर्यंत चालला, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये एकही ४१०१ नाही.

आज हवेचं काम केलं. कॅबिनेट लाकडी कप्प्यातून काढून टेबलावर मोकळा ठेवला. मागच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा एकच पंखा होता, समोरून आत घेणारा एक १२० एमएमचा पंखा घेतला, ६५० रुपये, आणि वरच्या जाळीतली धूळ ब्रशने काढली. खोली ३८ डिग्री असतानाच रॅम ५८ वरून ५० वर आली. नुसत्या कप्प्यातून बाहेर काढल्यानेच अर्धा फरक पडला असावा.

दादाने विचारलं, मग आता ३२०० वर नेतो काय. दुपारी घेतली चाचणी, पास झाली. पण तरीही २९३३ वरच ठेवलं. कारण एकच प्रोजेक्ट, तोच एक्सपोर्ट, ३६०० ला सकाळी थंडाव्यात घेतलेला वेळ ४१ मिनिटं आणि २९३३ ला ४२ मिनिटं १० सेकंद. रिझॉल्व्हमध्ये भार कार्डावर असतो, रॅमच्या स्पीडने एवढाच फरक पडतो. एका मिनिटासाठी मेमधल्या उन्हावर विसंबायचं नाही.

१२ मे, सोमवार

नवीन आलेला ड्रायव्हर आज भर दुपारी टाकला, फाईली एका फटक्यात सुटल्या, बसला.

आत्ताची सेटिंग, ज्यांना हवी त्यांच्यासाठी: रॅम २९३३, १८-२२-२२-४२, १.३५ व्होल्ट, गिअर डाऊन मोड चालू, एफसीएलके १४६७, एसओसी १.१, टीडीआर डिले मूळचाच. बायोसमध्ये प्रोफाईल म्हणून सेव्ह केलंय आणि त्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून प्रिंट कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलीय, कारण बायोस अपडेट केलं की सेव्ह केलेली प्रोफाईल बहुतेक वेळा उडतात आणि मग कोणीतरी सवयीने एक्सएमपी चालू करून मोकळा होतो.

खर्च: दुकानातलं चेकिंग ५००, पंखा ६५०, पेनड्राईव्ह ३५०, म्हणजे १५०० रुपये. वेळ म्हणाल तर रेंडर बंद असलेले दिवस धरून दादाच्या दोन पार्ट्यांना व्हिडिओ आठवडाभर उशिरा गेला. दादा ३२-३२ च्या दोन स्टिकचा भाव काढून आला होता, दोनच स्टिक असल्या की ३२०० अधिकृत मिळेल म्हणून. मी नको म्हटलं. ते पैसे दुसऱ्या बॅकअप डिस्कमध्ये घालायचं ठरलंय, आणि कार्ड फॉरमॅट करायच्या आधी हॅश जुळवायचं काम आता वहिनींनी आपल्याकडे घेतलंय, त्यासाठी एक छोटी बॅच फाईल बनवून डेस्कटॉपवर ठेवून दिलीय.